रिक्षाच्या भाड्यावर जावास्क्रिप्टचे ऑपरेटर शिका

ऑपरेटर म्हणजे +, *, = अशी हिशेबाची आणि तुलनेची चिन्हं. क्रोममध्ये कुठलंही पान उघडा, एफ१२ दाबा आणि कन्सोलवर, म्हणजे कोड लिहून लगेच चालवायच्या जागेवर, जा. काही इन्स्टॉल करायला लागत नाही. व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या डब्यांची) नावं देवनागरीत चालतात, आकडे मात्र इंग्रजीच हवेत.

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५पासूनचा रिक्षाचा दर घेऊ: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरमागे १७.१४.

अंतर = 4
भाडे = 26 + (अंतर - 1.5) * 17.14

उत्तर ६८.८५. आता कंस काढून बघा, भाडं साधारण ४.२९वर येतं! गुणाकार आधी होतो, त्यामुळे दीड गुणिले १७.१४ हे ३०मधून वजा झालं. शंका असेल तिथे कंस टाका, त्याला पैसे पडत नाहीत. कंस परत घालून अंतर १ ठेवलंत तर २६च्याही खाली, १७.४३ येतं. किमान भाडं सांभाळायला अट घाला:

भाडे = अंतर > 1.5 ? 26 + (अंतर - 1.5) * 17.14 : 26

प्रश्नचिन्हानंतर अट खरी असतानाची किंमत, कोलननंतर खोटी असतानाची.

खरा घोळ फॉर्म जोडल्यावर सुरू होतो, कारण इनपुट बॉक्समधून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. अंतर परत ४ करून वरची ओळ चालवा, मग हे लिहा:

जादा = "10"
भाडे + जादा

७८.८५ऐवजी "68.8510" मिळतं. अधिकचं चिन्ह एका बाजूला मजकूर दिसला की बेरीज सोडून जोडाजोडी करतं. वजाबाकी तसं करत नाही: "4" - 1.5 बरोबर २.५च देतं. म्हणून अंतराचा हिशेब बिनबोभाट चालतो आणि चूक शेवटच्या बेरजेत उघडी पडते. उपाय एकच, किंमत हातात येताच आकड्यात बदला:

जादा = +जादा

यातही दोन खड्डे आहेत. कुणी मराठी कीबोर्डवरून ४ टाइप केला तर +"४"चं उत्तर एनएएन (NaN, म्हणजे ‘आकडा नाही’) येतं. एनएएन स्वतःशीसुद्धा समान नसतो, त्यामुळे अंतर !== अंतर (!== म्हणजे ‘समान नाही’) खरं आलं की समजा आकडा बिघडलाय. दुसरं, रिकाम्या बॉक्सचं +"" शून्य होतं आणि गिऱ्हाईकाला न केलेल्या प्रवासाचे २६ रुपये दिसतात. बदलण्याआधीच === "" तपासा. तुलनेला तीन बरोबर वापरायची सवय लावा; दोन बरोबरवर "" == 0 खरं ठरतं. अटीत एकच बरोबर टाकलंत तर तुलना होतच नाही, किंमतच बदलते.

रात्री १२ ते ५ पंचवीस टक्के जादा. त्यासाठी चोवीस तासांच्या घड्याळातला तास ठेवा, दुपारी दोनला तास = 14. वहीत लिहितो तसं 0 <= तास < 5 लिहू नका. आधी डावी तुलना होते, तिचं खरं-खोटं १ किंवा ० धरून ५शी ताडलं जातं, म्हणजे दुपारी दोनलाही रात्रीचा दर! दोन अटी && ने जोडा:

भाडे = तास >= 0 && तास < 5 ? भाडे * 1.25 : भाडे

कन्सोलमध्ये वरचा बाण दाबून हीच ओळ पुन्हा चालवलीत तर वाढीवर वाढ बसते. मूळ भाडं वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. राउंडिंग अगदी शेवटी करा, कारण दशांशात शेपूट राहते: 0.1 + 0.2चं उत्तर 0.30000000000000004 येतं.