'अमेरिकन' नक्की कुणाला म्हणायचं? देशांची आणि माणसांची नावं लिहिण्याआधी काय काय बघायचं

मेक्सिको किंवा कोलंबियातल्या माणसाशी स्पॅनिशमध्ये बोलताना तुम्ही यूएसच्या माणसाला 'आमेरिकानो' म्हणालात तर समोरचा बऱ्याचदा लगेच थांबवून सांगतो की अमेरिकन तर आम्हीपण आहोत. त्यांना ते खरंच लागतं. त्यांच्या शाळेत अमेरिका हा एकच खंड शिकवतात, अलास्कापासून पार चिलीच्या टोकापर्यंत, आणि आपण शाळेत उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका असे दोन खंड पाठ केलेले, त्यामुळे नुसतं 'अमेरिका' म्हटलं की आपल्यासमोर एकच देश येतो. जे मराठीत बातम्या लिहितात, भाषांतर करतात, सबटायटल करतात, यूट्यूबवर जगाचं राजकारण समजावून सांगतात किंवा ऑफिसात लॅटिन अमेरिकेतल्या टीमबरोबर रोज कॉलवर असतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. चुकीच्या नावाने माणूस दुखावतो, आणि ते टाळायला फार अभ्यास लागत नाही.

आधी नाव मुळात कुणाचं होतं ते शोधा. अमेरिकेच्या बाबतीत गोष्ट अशी आहे की १५०७ साली मार्टिन वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने जगाचा नकाशा छापला, त्यात फ्लॉरेन्सच्या अमेरिगो व्हेस्पुची या दर्यावर्दीवरून 'अमेरिका' हे नाव आलं, आणि ते लिहिलंय दक्षिणेकडच्या भागावर, म्हणजे आज जिथे ब्राझील वगैरे आहे तिकडे. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे हे नाव लावलं मर्केटरने, १५३८ च्या नकाशात. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' आलं तोपर्यंत हे नाव सगळ्या भूभागाचं म्हणून दोनशेच्या वर वर्षं वापरात होतं. दक्षिणेत लोक ते अभिमानाने लावायचे, स्पेनच्या वसाहतींमध्ये तिथेच जन्मलेले लोक स्वतःला अमेरिकन म्हणवायचे आणि स्पेनहून आलेल्यांना पेनिन्सुलर, आणि स्पेनविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सिमोन बोलिव्हारने १८१५ मध्ये जमैकातून जे प्रसिद्ध पत्र लिहिलं त्याच्या मथळ्यातच स्वतःची ओळख 'दक्षिणेकडचा अमेरिकन' अशी दिलीय. म्हणून हा हक्क त्यांनी आत्ता कुठून तरी काढला असं समजू नका.

पण मग यूएसच्या लोकांना दुसरं काय म्हणायचं हेपण प्रामाणिकपणे बघायला हवं. त्यांच्या देशाच्या नावात माणसाला लावता येईल असा एकच शब्द आहे, अमेरिका. 'संयुक्त संस्थानं' म्हणाल तर तेही त्यांचं एकट्याचं नाही, मेक्सिकोचं अधिकृत नाव आजही 'एस्तादोस उनिदोस मेहिकानोस' आहे, कोलंबिया १८६३ ते १८८६ संयुक्त संस्थानं होती, व्हेनेझुएला १९५३ पर्यंत, ब्राझील तर १९६० च्या दशकापर्यंत. आणि कॅनडाच्या माणसाला, तोही त्याच खंडातला, 'तू अमेरिकन' म्हणून बघा, टोरोंटोत कुणालाही ते आवडत नाही. म्हणून 'खंडातले सगळे अमेरिकन, यूएसवाल्यांनी नाव सोडावं' हा हट्ट मला पटत नाही, आणि 'अमेरिकन म्हणजे फक्त यूएस, बाकीच्यांनी गप्प बसावं' हा तर अजिबातच नाही.

माझा नियम असा आहे. मराठीत किंवा इंग्रजीत बोलताना यूएसच्या नागरिकाला अमेरिकन म्हणा, त्यात चूक काही नाही, ते स्वतःला तेच म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'एस्तादोउनिदेन्से' म्हणा, स्पॅनिशच्या रॉयल अकादमीचाही सल्ला हाच आहे. 'नोर्तेआमेरिकानो' ऐकू येतं खूप, पण मेक्सिको आणि कॅनडापण उत्तर अमेरिकेतच आहेत, त्यामुळे जपून. ब्राझीलमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात 'अमेरिकानो' सर्रास चालतं, तेव्हा सगळी लॅटिन अमेरिका एकाच मापाने मोजू नका. आणि मराठीत जिथे देश आणि खंड एकाच वाक्यात येतात तिथे देशाला 'यूएस' लिहा. आपण बोलताना म्हणतोच की, 'मुलगा यूएसला असतो', मग लिहिताना कशाला लाजायचं? '२०२४ ची कोपा अमेरिका अमेरिकेत झाली आणि अर्जेंटिनाने जिंकली' हे वाक्य वाचून ज्याला फुटबॉल माहीत नाही तो गोंधळणारच. 'दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका स्पर्धा २०२४ ला यूएसमध्ये झाली' लिहा, संपलं. १९४८ ला बोगोटात स्थापन झालेल्या 'ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिकन स्टेट्स'चं 'अमेरिकेतील राज्यांची संघटना' असं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला टेक्सास, ओहायो आठवतात, तिथे 'अमेरिकी खंडांतल्या देशांची संघटना' असं लिहायला हवं. आपल्याकडचं चांगलं उदाहरण द्यायचं तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या नावात 'नॉर्थ अमेरिका' आहे, त्यामुळे कॅनडातली मराठी मंडळंही त्यात सहज बसतात.

आता देशाच्या आतलं, कारण 'अमेरिकन कोण' हा वाद सीमेच्या आत जास्त कडवट आहे. कुणाला अमेरिकन लिहिताना चेहरा, आडनाव, भाषा बघू नका, नागरिकत्व काय आहे ते बघा, आणि माणूस स्वतःला काय म्हणतो ते बघा. प्युर्टो रिको या कॅरिबियनमधल्या, यूएसच्या ताब्यातल्या बेटाचे लोक १९१७ पासून यूएसचे नागरिक आहेत, त्यामुळे तिथून न्यूयॉर्कला आलेल्याला 'स्थलांतरित परदेशी' लिहिणं साफ चूक. पॅसिफिकमधल्या, यूएसच्याच ताब्यातल्या अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांचं उलटं आहे, त्यांना यूएसचा पासपोर्ट मिळतो पण ते जन्माने नागरिक धरले जात नाहीत, नुसते 'नॅशनल', आणि तसं त्यांच्या पासपोर्टवर छापलेलं असतं. नावात 'अमेरिकन' असून नागरिकत्व नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. आपल्या लोकांनीपण हे भोगलंय. पंजाबात जन्मलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात यूएस आर्मीत होते, तरी १९२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या अर्थाने तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि भारतीयांना ती वाट कायद्याने मोकळी झाली ती थेट १९४६ ला. त्या जमिनीवर हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ रहिवाशांना तरी सरसकट नागरिकत्व कधी मिळालं, तर १९२४ ला.

हे माहीत असेल तर दोन सवयी आजच सोडा. एक म्हणजे 'रेड इंडियन'. मराठीत हा शब्द अजून पुस्तकांत, पेपरात, शाळेच्या स्नेहसंमेलनात पिसं लावून फिरतो. शक्य असेल तिथे जमातीचं नाव लिहा, चेरोकी, लाकोटा, नावाहो (ते स्वतःला दिने म्हणतात), नसेल माहीत तर 'मूळ अमेरिकन' किंवा 'तिथले मूळ रहिवासी'. कॅनडाबद्दल लिहिताना फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी हे तीन वेगळे गट आहेत, आणि इन्युइटांना एस्किमो म्हणू नका. यूएसच्या मूळ रहिवाशांतले काही वयस्कर लोक स्वतःला 'इंडियन' म्हणतात, वॉशिंग्टनच्या म्युझियमच्या नावातही 'अमेरिकन इंडियन' आहे, तो त्यांचा हक्क, आपण बाहेरच्याने तो शब्द उचलू नये.

दुसरी सवय म्हणजे तिकडच्या प्रत्येक यशस्वी माणसाला 'भारताची लेक', 'भारतीय अंतराळवीर' करून टाकायचं. सुनीता विल्यम्स ओहायोत जन्मल्या, यूएस नेव्हीत अधिकारी होत्या, नासातर्फे अंतराळात गेल्या, त्या अमेरिकन आहेत. 'भारतीय वंशाच्या' लिहा, खुशाल अभिमान बाळगा, पण ज्या देशात आपल्याच लोकांना शंभर वर्षांपूर्वी 'तुम्ही अमेरिकन होऊच शकत नाही' म्हणून सांगितलं गेलं तिथे आपण पुन्हा त्यांना परके ठरवायचं का? बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ ला मिशिगनमधून यूएसच्या संसदेत, म्हणजे तिथल्या काँग्रेसमध्ये गेले, तेही अमेरिकनच.

अमेरिकेचा वाद समजला की मग मॅसिडोनियाचा वाद समजायला सोपा जातो, आणि तो नीट वाचाच, कारण तिथे दोन देशांनी बसून कागदावर उत्तर काढलंय. युगोस्लाव्हिया फुटल्यावर १९९१ ला मॅसिडोनिया स्वतंत्र झाला, पण ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या आसपासच्या प्रदेशाचं नावपण मॅसिडोनियाच, आणि ग्रीकांचं म्हणणं, सिकंदराचा वारसा आमचा, नाव घेतलं की उद्या जमीनपण मागाल. १९९३ ला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' अशा लांबलचक नावाने, आणि इंग्रजी आद्याक्षर टी धरून खुर्ची मिळाली थायलंडच्या शेजारी. ग्रीसने २००८ ला नाटोतला प्रवेश अडवला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०११ ला ते चूक ठरवलं तरी अडलं ते अडलंच. शेवटी १७ जून २०१८ ला प्रेस्पा तलावाकाठी करार झाला, २०१९ ला देश 'उत्तर मॅसिडोनिया' झाला आणि २०२० ला नाटोत गेला.

लिहिणाऱ्याने यातून काय घ्यायचं? देशाचं नाव 'उत्तर मॅसिडोनिया', पण करारातच लिहिलंय की भाषा 'मॅसिडोनियन' आणि नागरिकत्वाच्या रकान्यात 'मॅसिडोनियन / उत्तर मॅसिडोनिया प्रजासत्ताकाचे नागरिक'. म्हणून 'उत्तर मॅसिडोनियन भाषा', 'उत्तर मॅसिडोनियन लोक' असं काही लिहू नका, दिसायला बरोबर वाटतं पण कराराच्या विरुद्ध आहे आणि तिथल्या लोकांना ते झोंबतं. ग्रीसच्या प्रदेशाबद्दल लिहिताना 'ग्रीसमधला मॅसिडोनिया प्रांत' असं पूर्ण लिहा. वाद मिटलाय असंही धरू नका, मे २०२४ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना देशाला नुसतं 'मॅसिडोनिया' म्हटलं आणि ग्रीसच्या राजदूत उठून निघून गेल्या. थोडक्यात देशाचं नाव कराराच्या किंवा संविधानाच्या कागदातून घ्यायचं आणि माणसाचं नाव माणसाकडून. उत्तर आयर्लंडमध्ये तर हे १९९८ च्या गुड फ्रायडे करारातच आहे, तिथला माणूस स्वतःला आयरिश म्हणू शकतो, ब्रिटिश म्हणू शकतो, दोन्ही म्हणू शकतो, तेव्हा बेलफास्टच्या माणसाला सरळ विचारा.

मग प्रत्येक सरकारने नाव बदललं की आपण मराठीत बदलायचं का? माझं मत, नाही. आपण चीन म्हणतो, इजिप्त म्हणतो, ग्रीस म्हणतो, हे त्या लोकांचे स्वतःचे शब्द नाहीत आणि कुणाचं काही बिघडत नाही. २०२२ ला तुर्कियेने इंग्रजीतलं नाव बदलून घेतलं, पण आपलं 'तुर्कस्तान' जुनं आहे, त्यात अपमान नाही, ठेवा. बर्माचं नाव १९८९ ला लष्कराने बदलून म्यानमार केलं, कोणतं घ्यायचं यावर तिथलेच लोक विभागलेले, आंग सान सू की यांनी २०१६ ला परदेशी राजदूतांना सांगितलं होतं की दोन्ही चालेल. बदलायला हवं ते 'इंग्लंड', कारण आपण पूर्ण ब्रिटनला इंग्लंड म्हणून टाकतो आणि स्कॉटिश, वेल्श माणसं पुसली जातात. एडिंबराला शिकायला गेलेली मुलगी 'इंग्लंडला' गेलेली नसते, स्कॉटलंडला गेलेली असते.

शेवटचं राहिलं समुद्राचं. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढून मेक्सिकोच्या आखाताला 'गल्फ ऑफ अमेरिका' केलं. त्याआधीच, त्यांनी तशी घोषणा केल्यावर मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शाइनबाउम यांनी १६०७ चा नकाशा दाखवला, त्यात उत्तर अमेरिकेवर 'अमेरिका मेहिकाना' लिहिलेलं, आणि म्हणाल्या मग हेच नाव का नको. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जुनं नाव सोडलं नाही म्हणून त्यांच्या पत्रकारांना व्हाइट हाउसच्या कार्यक्रमांना बंदी झाली. गुगल मॅप्सवर यूएसमध्ये नवं नाव दिसतं, मेक्सिकोत जुनं, आणि आपल्याकडे दोन्ही. तो आदेश यूएसच्या सरकारी खात्यांपुरता आहे, दुसऱ्या देशांवर बंधनकारक नाही, आणि त्या पाण्याला मेक्सिको आणि क्यूबाचाही किनारा आहे, त्यामुळे मराठीत 'मेक्सिकोचं आखात' हेच लिहा. इराणजवळच्या आखातावरून इराण आणि अरब देशांचं असंच भांडण आहे, संयुक्त राष्ट्रं 'पर्शियन आखात' लिहितात, पण बातमी तिथल्या नोकऱ्यांची वगैरे असेल तर आपलं 'आखाती देश' पुरतं, कोकणातली, गोव्यातली माणसं 'गल्फला असतो' म्हणतात तसं. आणि यूएसच्या एखाद्या सरकारी कागदाचं भाषांतर करत असाल तर मात्र कागदात जे नाव आहे ते तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला कंसात 'मेक्सिकोचं आखात' घाला, मूळ कागद बदलायचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नसतो.