फवारणीच्या पंपाला घरी बांधलेली लिथियम बॅटरी

सोळा लिटरचा पंप भरला की सोळा किलो तिथंच झाले. रिकामा पंप पाच-सहा किलोचा, आणि त्यातले जवळजवळ अडीच किलो एकट्या बॅटरीचे. डाळिंबाच्या ओळीत फांद्या चुकवत हे सगळं पाठीवर घेऊन फिरायचं. पाणी कमी करता येत नाही, औषधाचं प्रमाण त्यावरच ठरलेलं असतं. बॅटरीचं वजन मात्र लिथियमचे सेल बसवले की निम्म्याच्या खाली आणता येतं.

माझं पंप दुरुस्तीचं दुकान सोलापुरात, पुणे रस्त्याला केगावच्या बाजूला आहे. मोहोळ, माढा, पंढरपूरकडून येणाऱ्या पंपांत 'बॅटरी बसली' ही तक्रार सगळ्यात जास्त. बहार संपला की पंप माळ्यावर जातो आणि पुढचा बहार धरेपर्यंत कुणी त्याला चार्जिंगला लावत नाही. पंपाबरोबर येणारी लेडची (शिशाची) बॅटरी उतरलेली पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. मग रात्रभर चार्ज केलं तरी दोन टाक्यांत पंप मान टाकतो. शिवाय तिच्यावर लिहिलेले आठ एएच (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज मावते त्याचं माप) वीस तासांत सावकाश उतरवल्यावरचे असतात. पंपानं अडीच-तीन अँपिअर ओढले की तेवढे हाती लागत नाहीत.

सेल कोणता घ्यायचा, इथंच निम्मं काम आहे. "अण्णा, लॅपटॉपचे सेल फुकटात मिळालेत, बसवून द्या की ओ," असं म्हणत पिशवीभर जुने सेल घेऊन पोरं येतात. मी बसवून देत नाही. त्यातले तीन सेल एकापुढं एक ओळीत (सिरीजमध्ये) लावले तर भरलेले १२.६ व्होल्ट, आणि वापरता वापरता नऊपर्यंत उतरतात. शेवटच्या टाक्यांना प्रेशर राहत नाही, फवारा फुटण्याऐवजी धार पडते. चार लावले तर १६.८ होतात, म्हणजे बारा व्होल्टच्या मोटरला जाच. आणि कोणत्या सेलानं किती उन्हाळे काढलेत ते वरून दिसत नाही. असा सेल आत शॉर्ट होऊन पेटला तर तो माणसाच्या कमरेपाशी पेटणार.

पंपाला लोखंडाचा सेल घ्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. बाजारात तो ३२६५० किंवा ३२७०० नावानं मिळतो: ३२ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर उंच, सहा एएच, वजन साधारण १४० ग्रॅम. एकाचे ३.२ व्होल्ट, चार ओळीत लावले की १२.८, पूर्ण भरल्यावर १४.६ आणि तळाला १०. लेडच्या बॅटरीशी हा हिशोब जुळतो, म्हणून पंपात मोटर, रेग्युलेटर, काहीच बदलावं लागत नाही. गरम झाला तरी हा सेल बाकीच्या लिथियमसारखा चटकन भडकत नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जाणाऱ्या आपल्या गावात मला हे महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सेल मिळतात. नवे आणि एकाच लॉटचे घ्या. दोन दुकानांतून चार-चार गोळा करू नका.

सेल घेण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं करंटचं. मल्टिमीटर दहा अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या एका वायरीत मधे जोडा आणि गन उघडून पंप चालवा. एका मोटरच्या पंपाला दोन ते तीन अँपिअर लागतात, डबल मोटरला त्याच्या दुपटीच्या आसपास. अडीच अँपिअर धरले तर सहा एएचचा पॅक सलग सव्वादोन तास मोटर चालवतो. घरच्या एकरभर बागेला चार सेल पुरतात आणि सगळा पॅक पाऊण किलोच्या आत राहतो. मजुरीवर दिवसभर फवारणी करणाऱ्यानं आठ सेल लावावेत, दोन-दोन शेजारी (पॅरललमध्ये) जोडून त्या चार जोड्या ओळीत, म्हणजे बारा एएच. तोही सव्वा किलोच्या आसपासच भरतो.

दुसरं माप कप्प्याचं. आधी पंप साबणाच्या पाण्यानं धुवा आणि हातमोजे घालूनच बॅटरीचं झाकण उघडा. आत औषध झिरपलेलं असतंच. लेडची बॅटरी १५१ मिलिमीटर लांब, ६५ रुंद आणि ९४ उंच असते. आठ सेलांच्या दोन ओळी एकमेकींना चिकटवल्या तर ६४ मिलिमीटर होतात, पण मधे प्लॅस्टिकचा स्पेसर घातला की पासष्टच्या बाहेर जातात. काही पंपांच्या कप्प्यात तेवढी जागा असते, काहींत नसते. नसेल तर स्पेसर सोडा आणि दोन सेलांच्या मधे बार्ली पेपर (वीज अडवणारा जाड कागद) घाला.

आता सेल जुळवणं. नव्या सेलांचं व्होल्टेज मीटरवर सारखंच दिसतं, त्यावर जाऊ नका. लोखंडाच्या सेलाचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच पट्ट्यात जवळपास सपाट असतं. एक चाळीस टक्के भरलेला आणि दुसरा साठ, तरी मीटर जवळजवळ तेच सांगेल. म्हणून एका सेलाच्या चार्जरवर प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरून घ्या. मग दोन-तीन दिवस तसेच ठेवा. त्यात जो बाकीच्यांपेक्षा जास्त खाली उतरला, तो बाजूला काढा. वेळखाऊ काम आहे, पण हे टाळलेला पॅक पुढं एकाच सेलापायी लवकर बंद पडायला लागतो आणि सगळं सोडवून बसावं लागतं.

जोडायला बसण्याआधी हातातली अंगठी, कडं, लोखंडी पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. सेलाचा सगळा डबा निगेटिव्ह असतो, त्यामुळं पॉझिटिव्ह टोकाभोवती कागदाची चकती चिकटवल्याशिवाय पट्टी लावू नका. नाहीतर पट्टी कडेला टेकली की जागीच ठिणगी. जोडायला निकेलची पट्टी आणि स्पॉट वेल्डिंग. स्वस्तातली पट्टी पुष्कळदा आतून लोखंडाची असते; तुकडा घासून मिठाच्या पाण्यात ठेवला की एका रात्रीत गंज दाखवतो. सेलावर थेट सोल्डरिंग करू नका, त्या उष्णतेनं आतलं सील जातं. वेल्डिंगचं मशिन नसेल तर टोकाला स्क्रू असलेले ३२६५० सेल मिळतात. ते नट आवळून जोडता येतात. फक्त स्प्रिंग वॉशर घाला, मोटरच्या थरथरीनं नट सुटतात.

त्यावर बीएमएस, म्हणजे सेल जास्त भरू किंवा जास्त उतरू न देणारा बोर्ड, चार सेलांचं आणि लोखंडाच्या सेलांसाठीचंच. दुकानदार 'फोर एस' (ओळीत चार सेल) एवढं ऐकून दुसऱ्या लिथियमचं देतो, ते सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढू देतं. पाकिटावर ३.६५ दिसलं तरच पैसे द्या. पंप तीन अँपिअर ओढत असला तरी बीएमएस वीस अँपिअरचं लावा, कारण गन सोडली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो आणि दाबली की पुन्हा सुरू करतो. दर वेळी सुरुवातीला झटका बसतो. दिवसभर हेच चाललेलं असतं.

बारीक वायरींचा कनेक्टर बोर्डात खोचण्याआधी मीटरनं तपासा. काळ्या वायरीपासून पुढं ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशा पायऱ्या चढत गेल्या पाहिजेत. एखादी पायरी उलटी आली तर कनेक्टर लावू नका, बोर्ड तिथंच जळेल. सगळं बरोबर असूनही बाहेर शून्य व्होल्ट दाखवले तर घाबरू नका. काही बोर्ड पहिल्यांदा चार्जर लावल्यावरच जागे होतात.

पॅकला बार्ली पेपर, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) आणि वरून रुंद पीव्हीसी स्लीव्ह. स्लीव्हची दोन्ही तोंडं सिलिकॉननं बंद करायची आणि वायरी खालच्या बाजूनं बाहेर काढायच्या, म्हणजे गळलेला थेंब वायरीवरून आत जाणार नाही. इथं हात आखडू नका. छाटणीनंतर बोर्डो मिश्रण मारता, तेल्या रोग दिसला की कॉपरचं औषध मारता. झाकणातून गळलेलं तांब्याचं पाणी जोडांवर साचलं की हिरवं बुरशीसारखं धरतं आणि जोड खाऊन टाकतं. लेडच्या बॅटरीचे हिरवे झालेले टर्मिनल सगळ्यांनी पाहिलेत, बीएमएसच्या सोल्डरच्या बारीक जोडांना तेवढा दम नसतो. पॅक कप्प्यात हलू नये म्हणून मोकळ्या जागेत फोमचे तुकडे दाबून बसवा, आणि पॉझिटिव्ह वायरीत पॅकच्या अगदी जवळ दहा अँपिअरचा फ्यूज घाला.

जुना चार्जर वापरायचा नाही. तो लेडच्या हिशोबाचा असतो, आणि पंपाबरोबर येणारे कित्येक चार्जर कुठं थांबायचं हे नीट पाळतही नाहीत. १४.६ व्होल्टचा, दोन-तीन अँपिअरचा लोखंडाच्या सेलाचा चार्जर घ्या. बारा एएचचा पॅक तीन अँपिअरवर चार-साडेचार तासांत भरतो. पंपाचं चार्जिंगचं सॉकेटही बदला. जुना चार्जर घरात कुठंतरी खिळ्याला लटकलेला असतो आणि तुम्ही नसताना कुणीतरी तो नेमका लावतं. सॉकेटच वेगळं असलं की तो बसतच नाही.

पंप उन्हातून आणला की लगेच चार्जिंगला लावू नका. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं सहज होतं. संध्याकाळी, पॅक हाताला गार लागल्यावर लावा.

पंपावरच्या मीटरचा काटा आता फसवेल. तो लेडसाठी आखलेला आहे. हा पॅक बराच वेळ १३ च्या वरच राहतो, म्हणून काटा 'फुल' दाखवत राहतो आणि मग एकदम खाली येतो. छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावून घ्या. पंप थांबवून पाहिलं आणि आकडा १३ च्या आत दिसला, तर आणखी एखादी टाकी मारून घराकडं वळा. तसंच चालवत राहिलात तर बीएमएस भरल्या टाकीला पंप बंद करेल आणि ते औषध परत वाहून आणावं लागेल.

शहरातले एक-दोन लॉनवाले गवत कापायच्या मशिनीचंही विचारतात. २४ व्होल्टच्या मशिनीत लेडच्या दोन बॅटऱ्या ओळीत असतात. तिथं आठ सेल ओळीत, म्हणजे २५.६ व्होल्ट, चार्जर २९.२ चा. पण पात्याची मोटर पंपासारखी गरीब नसते. ओलं गवत अडकलं की ती भरपूर करंट ओढते, त्यामुळं तीन-तीन सेल जोडीला, बीएमएस निदान चाळीस अँपिअरचं, आणि वायर, पट्टी, फ्यूज त्याच मापाचे. काम सुरू करण्याआधी मशिनीची चावी काढून खिशात ठेवा आणि पातं खोलून बाजूला ठेवा. वायरी जोडताना मोटर फिरली तर बोटं जातील. २३० व्होल्टवर वायर लावून चालणाऱ्या मशिनीचा मात्र नाद सोडा. तेवढ्या व्होल्टेजचा डीसी पॅक घरी बांधायची गोष्ट नाही.

बहार संपल्यावर पॅक निम्मा भरलेला ठेवून कनेक्टर काढून टाका. बीएमएस स्वतः थोडं थोडं खात असतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा मीटर लावून पाहा. कप्प्यातून निघालेली लेडची बॅटरी बॅटरीच्या दुकानात द्या. आत शिसं असतं, ते वजनावर पैसे देतात.