रिव्हीलिंग लिहिण्याआधी नाम बघा

एका सहकारी बाईंच्या फोटोखाली मी कौतुकाने ‘व्हेरी रिव्हीलिंग’ लिहिलं. म्हणायचं होतं, चेहऱ्यावरून स्वभाव कळतो. बाई आठवडाभर बोलल्या नाहीत! तेव्हापासून हे इंग्रजी विशेषण कोणत्या नामाला लावतोय, ते आधी बघतो.

मुलाखत, पत्र, आकडेवारी, अगदी बोलण्यातली चूकसुद्धा रिव्हीलिंग असते, म्हणजे आतलं उघड करणारी. ‘अ रिव्हीलिंग इंटरव्ह्यू’ बिनधास्त लिहा. कपड्यांना लावलंत की अर्थ अंगप्रदर्शनाचा. फोटोला दोन्ही अर्थ चिकटतात, तिथे ‘टेलिंग’ (बरंच काही सांगून जाणारा) हा शब्द बरा. ‘इट इज रिव्हीलिंग दॅट ही नेव्हर आस्क्ड’ ही रचना माझी आवडती: त्याने कधी विचारलंच नाही, यातच काय ते आलं. ‘रिव्हील्ड’शी मात्र गल्लत नको. ते उघड झालेल्याला, हे उघड करणाऱ्याला.