बुद्धिबळ इंजिन: आधी चालींचा क्रम लावा, मग खोली वाढवा

ठाणे-वाशी लोकलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मी माझ्या इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, सहा प्लाय खोल शोधायला लावायचो. प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल. ठाण्याला एंटर दाबलं की उत्तर घणसोली गेल्यावर यायचं. जुन्या लॅपटॉपला मी महिनाभर नावं ठेवली, पण घोळ चालींच्या क्रमात होता.

तुमचा अल्फा-बीटा (निरुपयोगी चाली वगळत सर्वोत्तम चाल शोधायची पद्धत) चालतोय आणि चाली बरोबर तयार होतायत, असं धरून पुढचं सांगतो. खात्री करायची असेल तर सुरुवातीच्या पटावरून चार प्लायपर्यंतचे सगळे मार्ग मोजा. 1,97,281 यायला हवेत. एकाचाही फरक असेल तर आधी तो शोधा.

आता क्रमाचं महत्त्व. डावाच्या मध्यात साधारण 35 चाली शक्य असतात. सहा प्लायचा हिशेब 184 कोटींच्या घरात जातो. अल्फा-बीटाला प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम चाल आधी मिळाली, तर 85,749 शेवटच्या स्थिती तपासून तेच उत्तर मिळतं. प्रतिस्पर्ध्याचं एक सणसणीत उत्तर सापडलं की आपली ती चाल बाद होते, त्याची बाकीची उत्तरं बघायची गरजच उरत नाही. यालाच छाटणी म्हणतात. म्हणून ते सणसणीत उत्तर आधी हाती लागलं पाहिजे.

सुरुवात मारामारीच्या, म्हणजे समोरचा मोहरा मारणाऱ्या चालींपासून करा. मारल्या जाणाऱ्या मोहऱ्याच्या किमतीला दहाने गुणा आणि मारणाऱ्या मोहऱ्याची किंमत वजा करा. प्याद्याची किंमत 1, वजिराची 9 धरा. प्याद्याने वजीर मारला तर 90 वजा 1, म्हणजे 89. वजिराने प्यादं मारलं तर 10 वजा 9, म्हणजे 1. एवढ्या दोन ओळींच्या कोडने जो फरक पडतो, तो बघून मला अजून नवल वाटतं. एक मात्र करा: सगळी यादी सॉर्ट करत बसू नका. दर वेळी उरलेल्यातली सर्वात जास्त गुणांची चाल उचला, कारण बऱ्याचदा पहिल्याच चालीवर काम संपतं.

मग शांत चाली, म्हणजे ज्यात काही मारलं जात नाही अशा. शेजारच्या फांदीत, म्हणजे आपल्या दुसऱ्या एखाद्या चालीनंतरच्या शोधात, ज्या शांत चालीने छाटणी झाली, ती त्याच खोलीवर इथेही चालण्याची शक्यता बरीच असते. तिला किलर मूव्ह म्हणतात. दर प्लायला दोन साठवा. वापरण्याआधी ती या पटावर शक्य आहे का, हे तपासायलाच हवं. मी तपासलं नव्हतं. दोन चालींपूर्वी मेलेला घोडा एफ3 वरून उडी मारायचा आणि गुणांकन भलतंच यायचं. ते शोधण्यात दोन रविवार गेले.

उरलेल्या शांत चालींसाठी हिस्ट्री तक्ता ठेवा, म्हणजे कोणत्या चालीने आधी किती छाटणी केली याची नोंद. छाटणी करणाऱ्या चालीच्या ‘कुठून-कुठे’ या तक्त्यातल्या रकान्यात खोलीचा वर्ग (खोली गुणिले खोली) मिळवत जा, आणि जास्त आकड्याची चाल आधी तपासा.

थेट सहा प्लायवर उडी घेऊ नका. एक, दोन, तीन असं वाढवत न्या आणि प्रत्येक स्थितीची सर्वोत्तम चाल ट्रान्सपोझिशन टेबलात, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींच्या नोंदवहीत, ठेवा. पुढच्या फेरीत तीच सर्वात आधी तपासा, मारामारीच्याही आधी. वरवर पाहता हे दुप्पट काम वाटतं. पण प्रत्येक प्लायला शक्य चालींचं झाड कितीतरी पटींनी वाढतं, त्यामुळे आधीच्या फेऱ्यांचा खर्च किरकोळ ठरतो.

शोध संपतो तिथे लगेच गुण देऊ नका. प्रतिस्पर्ध्याने राखलेलं प्यादं आपल्या वजिराने खाल्लं आणि शोध तिथेच थांबला, तर इंजिनाला एक प्यादं फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पुढच्या चालीत वजीर जाणार, हे त्याला दिसत नाही. म्हणून पट शांत होईपर्यंत फक्त मारण्याच्या चाली बघत राहा. राजाला शह असेल तर त्यातून सुटण्याच्या सगळ्या चाली बघा.

आता मोजणी. ट्रान्सपोझिशन टेबल बंद ठेवा आणि एकाच स्थितीवर, एकाच खोलीला, क्रम लावून आणि न लावता शोध चालवा. गुण तंतोतंत तेच आले पाहिजेत, फक्त तपासलेल्या स्थिती कमी व्हायला हव्यात. गुण बदलले तर बग आहे. मग एकूण छाटण्यांपैकी पहिल्याच चालीवर किती झाल्या, ते मोजा. 90 टक्क्यांच्या आसपास असेल तर क्रम चांगला लागला. त्याच्या खाली असताना उशिराच्या चालींची खोली कमी करण्याच्या युक्त्या घालू नका, कारण चांगली चाल मागे राहिली असेल तर इंजिन तीच उथळ तपासून सोडून देईल.