डॉट इन की डॉट भारत? पत्ता घेताना या चुका टाळा

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या दुकानांना आणि शेतकरी गटांना मी वेबसाइट करून देतो. बहुतेक जण येतात तेव्हा वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, आधीच विकत घेऊन आलेले असतात, आणि तोच चुकलेला असतो. वेबसाइट पुन्हा करता येते. पोत्यांवर, फ्लेक्सवर, बिलबुकावर छापलेला पत्ता बदलणं महागात पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंग्रजी शब्द भारदस्त वाटतो म्हणून घेणं. आपल्याकडे पत्ता फोनवर किंवा मोंढ्यात तोंडी सांगितला जातो. ऐकणारा तो कानाला जसा लागला तसा टाइप करतो.

वसमत तालुक्यातल्या एका हळद उत्पादक गटाला शहरातल्या डिझायनरने 'टर्मरिक' असलेलं नाव दिलं, शेवटी डॉट इन. लोगो देखणा होता, पोती छापून झाली, ईमेलही त्याच नावाचा. आता 'टर्मरिक' ऐकल्यावर मराठी माणूस टी ए आर लिहितो, तिथे यू आहे. शेवटी के लिहितो, तिथे सी आहे. सांगलीच्या एका व्यापाऱ्याने नमुने मागवायला मेल केला. पत्ता फोनवर ऐकलेला, त्यामुळे मेल परत गेला आणि त्याने माल दुसरीकडून उचलला. गटाला हे कळलं ते पुढे बाजारात गाठ पडली तेव्हा. वर्षभर हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून ठेवणाऱ्या माणसांचं गिऱ्हाईक एका स्पेलिंगपायी जावं, याचा मला आजही राग येतो.

त्यांना मी दोन पत्ते घ्यायला लावले: एकात 'हळद', दुसऱ्यात 'हल्दी', दोन्ही रोमन अक्षरांत. मराठी गिऱ्हाईक पहिला टाइप करतं, इंदूर-दिल्लीचं दुसरा, आणि दोघंही एकाच वेबसाइटवर पोचतात. गावाचं नाव पत्त्यातून काढलं, कारण वसमतला कोणी बसमत म्हणतं, रोमनमध्ये कोणी व्ही लिहितं, कोणी बी, शेवटी कोणी नुसता टी तर कोणी टी एच. पानावर मात्र वसमत ठळक लिहिलं. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, पण पत्त्यात ते नाव घातल्याने कोणी त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता होत नाही. ती नोंदणी वेगळी करावी लागते.

माझी सवय अशी: नाव पक्कं करण्याआधी एका शाळकरी पोराला, एका आडत्याला आणि गावाकडच्या मावशीला ते फोनवर एकदाच सांगायचं आणि व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवायला लावायचं. तिघांचं सारखं आलं तरच घ्यायचं. 'ऑफर आज रात्री संपते' म्हणून घाई करणाऱ्यांना हे पटत नाही. तसली ऑफर पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

उलट टोकाची चूक म्हणजे अभिमानापोटी फक्त डॉट भारत घेणं. देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं, मलाही ते मनापासून आवडतं, आणि मराठी पाटीवर ते शोभतंच. पण इंटरनेटची पत्ता शोधणारी यंत्रणा मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ (हायफन) एवढंच ओळखते. देवनागरी पत्ता आतून एक्स एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अक्षरांच्या जंजाळात बदलतो. कॉपी करून पाठवताना कधी कधी तेच जंजाळ समोर येतं आणि माणूस फसवी लिंक समजून उघडत नाही. देवनागरी ईमेल तर कित्येक ऑनलाइन फॉर्म अजून घेत नाहीत. म्हणून डॉट इन मुख्य ठेवा आणि डॉट भारत जोडीला.

डॉट भारतसाठी शब्दही सोपा हवा. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द मी टाळतो. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. त्यातल्या एकीत न दिसणारा जोड असतो, तो काही ठिकाणी गाळला जातो आणि त्या जागी रफार येतो. मग तो पत्ताच वेगळा. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच: लातूर आणि लातुर हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे पत्ते आहेत. 'शेतकरी' घ्या, काम भागतं.

जिल्ह्याचं नाव पत्त्यात घालू नका. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि जुन्या नावाचे पत्ते घेतलेले अडकले. बरं, औरंगाबाद बिहारमध्येही आहे. नवीन नाव घ्यावं, तर 'छत्रपती' रोमनमध्ये लिहिताना सीपुढे एच एक की दोन, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

नावात आडवी रेघ नको, ती फोनवर सांगता येत नाही. चालू सालही नको. मोठ्या ब्रँडच्या नावाशी मिळतंजुळतं तर अजिबात नको, कारण डॉट इनसाठी तक्रार-निवाड्याची सोय आहे आणि पत्ता हातचा जाऊ शकतो.

आणि पत्ता स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या, भाच्याच्या किंवा वेबसाइट करणाऱ्याच्या खात्यावर नाही. मी करून देत असलो तरी नाही. डॉट इन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं. निदान तीन वर्षांचे पैसे भरा आणि नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.