सकाळची धार आणि सुईतली हवा

रुग्णालयाच्या तळघरातल्या आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन (अणुवैद्यक) विभागात सकाळी साडेसातचं पहिलं काम धार काढण्याचं. शिशाच्या आवरणात बसलेल्या जनरेटरला आम्ही सगळे ‘गाय’च म्हणतो. आत ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीवर) किरणोत्सारी मॉलिब्डेनम-९९ चिकटलेलं असतं. ६६ तासांत ते निम्मं होतं आणि होता होता टेक्नेशियम-९९एम देत राहतं; त्याच्याच किरणांवर आमचे स्कॅन निघतात. एका टोकाला सलाइन, दुसऱ्याला निर्वात बाटली लावली की सलाइन ओढलं जातं आणि टेक्नेशियम त्याच्याबरोबर बाटलीत उतरतं. २४ तासांत गाय पुन्हा भरते.

मॉलिब्डेनम मागेच राहिलं असेल, असं गृहीत धरायचं नाही. बाटली जाड शिशाच्या डबीत ठेवून डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, मोजायची. टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) किरण डबी अडवते, मॉलिब्डेनमचे ७४० केईव्हीचे तिच्यातून निसटतात. इंजेक्शनच्या वेळी १ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम नको. टेक्नेशियम लवकर विरतं, म्हणून हे प्रमाण दिवसभर वाढतच जातं: सकाळी आठला ०.०८ आलं, तर दुपारी दोनला ते अगदी काठावर.

आता हाडांच्या स्कॅनचं एमडीपी किट: एमडीपी हे टेक्नेशियमला हाडांपर्यंत नेणारं औषध. हिशेब शेवटच्या रुग्णापासून मागे करायचा. टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, म्हणून अकराच्या रुग्णाला २० मिलिक्युरी द्यायचे तर आठ वाजता बाटलीत त्याच्या वाट्याचे २८ हवेत.

किटची बाटली शिशाच्या भांड्यात, सिरिंज टंगस्टनच्या कवचात, आपण एल-आकाराच्या शिशाच्या आडोशामागे. झाकणाचं रबर स्पिरिटने पुसा आणि सिरिंजमधली हवा आधीच काढून टाका. मग टेक्नेशियम किटच्या बाटलीत सोडा; जेवढं द्रव आत सोडलं तेवढाच वायू, सुई बाहेर काढण्याआधी, ओढून घ्या. बाटली हलवा आणि किटच्या कागदावर लिहिलेली मिनिटं थांबा. चहाला जायला तेवढा वेळ पुरतो, पण जाऊ नका.

हवेचं एवढं स्तोम का? किटमधला कथिलाचा क्षार टेक्नेशियमला एमडीपीशी जोडण्याजोगं करतो आणि ऑक्सिजन नेमका त्या कथिलालाच खातो. नवखी असताना माझ्याकडून सिरिंजभर हवा आत गेली होती. घाईत कागदाच्या पट्ट्यांवरची शुद्धतेची चाचणीही टाळली. स्कॅनमध्ये हाडं फिकट आली. थायरॉइड आणि जठर मात्र लख्ख! मोकळं टेक्नेशियम तिथेच जाऊन बसतं. रुग्ण आजोबांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं, आणि ते का, हे मलाच त्यांना सांगावं लागलं.

तेव्हापासून दोन पट्ट्या लावल्याशिवाय बाटली पुढे जात नाही. ॲसिटोनमध्ये मोकळं टेक्नेशियम वर चढतं, सलाइनमध्ये टेक्नेशियमचा न विरघळणारा कोलॉइड (बारीक कण) खालीच राहतो. दोन्ही मिळून ५ टक्क्यांपुढे गेले की मी बाटली बाजूला ठेवते. चांगली निघाली तर लेबल लावायचं: औषध, बॅच, वेळ, एकूण मिलिक्युरी, मिलिलिटर. वेळ नसलेलं लेबल म्हणजे कोरा कागद.

टोचण्याआधी नाव रुग्णाकडूनच वदवून घ्या. बाई असेल तर गरोदरपण आणि अंगावर पाजणं, दोन्ही विचारा. नंतर भरपूर पाणी, वरचेवर लघवी आणि साधारण तीन तासांनी स्कॅन.

“घरी नातवाला मांडीवर घेऊ का?” असं हमखास विचारतात. मी सांगते, आजचा दिवस जरा लांबूनच खेळवा, उद्या सकाळी खुशाल घ्या.