देवाबद्दलचा दावा पुराव्यावर कसा तपासायचा

‘देव आहे का?’ हा प्रश्न जसाच्या तसा तपासायला घेऊ नका. त्या शब्दाखाली प्रत्येकाने वेगळं काही धरलेलं असतं. आधी दावा एका वाक्यात वहीत उतरवा. ‘अमुक देवीला नवस बोललं की बोअरला पाणी लागतं’ हा एक दावा, ‘या जगाला कर्ता आहे’ हा दुसरा, ‘सगळं एकच ब्रह्म आहे’ हा तिसरा. पहिला गावात बसून मोजता येतो. दुसऱ्यावर युक्तिवाद होऊ शकतो. तिसरा खोटा असता तर जग कसं वेगळं दिसलं असतं हेच सांगता येत नाही, म्हणून तिथे मोजणी चालत नाही. समोरचा धार्मिक आहे म्हणजे कर्ता ईश्वर मानतोच, हेही गृहीत धरू नका. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध आणि ३० ते ३४ जैन आहेत. ही दोन्ही दर्शनं जगाचा निर्माता ईश्वर मानत नाहीत.

दाव्याखाली लगेच दुसरं वाक्य लिहा: ‘काय दिसलं तर मी मत बदलेन?’ तारीख टाका. आस्तिक असा की नास्तिक, हे वाक्य सुचत नसेल तर पुढची मोजणी करू नका. निकाल काहीही आला तरी तुम्ही तो आपल्याच बाजूला वळवाल.

नवसाची मोजणी

मराठवाड्याचा बराच भाग काळ्या पाषाणावर आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असतं, त्यामुळे एका बोअरला दोन इंची पाणी लागतं आणि त्याच बांधापलीकडचा कोरडा जातो. योगायोगाला एवढी जागा असली की नवस पावल्यासारखा वाटणारच. म्हणून चार कप्पे पाडा: नवस बोलला आणि पाणी लागलं, बोलला आणि नाही लागलं, न बोलता लागलं, न बोलता नाही लागलं.

समजा, नवस बोलून ४० बोअर घेतले आणि २४ लागले. न बोलता २० घेतले आणि १२ लागले. देवळात नवस फेडायला २४ जण दिसतात आणि खात्री पटते. प्रमाण मात्र दोन्हीकडे ६० टक्केच आहे. ज्यांचा बोअर फेल गेला ते फेडायला येतच नाहीत, म्हणून देवळाच्या दारात माहिती गोळा करू नका. बोअरच्या गाडीवाल्याची वही बघा. तो फुटावर पैसे घेतो, त्यामुळे कोरड्या बोअरचीही नोंद तिथे सापडते. त्या यादीवरून घरोघर जाऊन नवसाचं विचारा, आणि तेव्हा पाण्याचा विषय आधी काढू नका.

‘पाणी लागलं’ म्हणजे काय, हे आधी ठरवा. उदाहरणार्थ, मे महिन्यात मोटर सलग एक तास चालली पाहिजे. तुलना एकाच शिवारातल्या, साधारण सारख्या खोलीच्या बोअरची करा, नाहीतर नवस बोलणाऱ्याने शंभर फूट जास्त खोदलं होतं हे निसटून जाईल. आणि एवढ्या ६० बोअरमध्ये दोन्ही गटांत २५ टक्क्यांचा फरक आला तरी तो निव्वळ योगायोगाचा असू शकतो. दहा-पंधरा उदाहरणांवर कुणीच निकाल देऊ नये.

कौल देणारा दगड

तुळजापूरला चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून प्रश्न विचारतात. उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. असा कौल तपासायचा तर मंदिरातली रांग अडवू नका. घरी दोऱ्याला अंगठी बांधून तेच करता येतं. २० पाकिटांत ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी चिठ्ठी घाला. प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवा. मग एकेका बंद पाकिटावर अंगठी धरून आत काय आहे ते विचारा, ती कुठे वळते ते लिहा आणि शेवटी चिठ्ठ्यांशी ताडून बघा. पाकिटं भरणारा माणूस खोलीबाहेर राहील. उत्तर माहीत असलेला कुणीही समोर असला की प्रयोग वाया जातो, कारण आपल्या नकळत बोटं हलतात. टेबलं आपोआप फिरतात असं म्हणणाऱ्यांच्या हातांचा असाच जोर इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८५३ साली उपकरण लावून दाखवला होता. अंदाजाने २० पैकी १० च्या आसपास बरोबर येतील; १५ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे २ टक्के. तेवढे आले तर प्रयोग पुन्हा करा.

इथे निकाल नीट लिहिणं महत्त्वाचं. कौल चुकला तर ‘ही अंगठी उत्तर देत नाही’ एवढंच सिद्ध होतं. देव नाही, असं नव्हे. बरोबर आला तर काहीतरी घडतंय एवढंच कळतं. ते भवानीने केलं की आणखी कशाने, ते नाही.

प्रार्थनेचीही मोठी तपासणी झाली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात हृदयाची बायपास झालेले १,८०२ रुग्ण होते. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. प्रार्थना होतेच आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्क्यांना. दावा इथे टिकला नाही. पण घरचे लोक सगळ्याच रुग्णांसाठी प्रार्थना करत असणार, त्यामुळे ‘प्रार्थना नसलेला’ गट शुद्ध नव्हता, ही मर्यादाही सोबत लिहावी.

किल्लारीचा पुरावा कुणाचा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदाखाली गाडली गेली. या घटनेवर बोलताना दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारा: तुमचं म्हणणं खरं असतं तर हे किती अपेक्षित होतं, आणि खोटं असतं तर किती? ‘वाचला तो देवाच्या कृपेने, गेला तोही त्याच्या इच्छेने’ असं असेल, तर भूकंप त्या श्रद्धेचा पुरावा होत नाही आणि तिच्याविरुद्धही जात नाही. सर्वशक्तिमान, दयाळू आणि माणसाच्या मदतीला धावून येणारा ईश्वर, या दाव्याला मात्र तो जड जातो. निर्गुण ब्रह्माला तो स्पर्शही करत नाही. इथे नास्तिक फार घाई करतात.

‘पुरावा सापडला नाही’ हे कधी मोजायचं? बिबट्या ओल्या उसाच्या फडात असेल तर पंजाचे ठसे दिसायलाच हवेत. खडकाळ माळावर न दिसणं फारसं काही सांगत नाही. हस्तक्षेप करणारा देव मानला की ठसे अपेक्षित असतात, आणि ते न मिळणं हा खरा पुरावा ठरतो. हस्तक्षेप न करणाऱ्या देवाबाबत तसं म्हणता येत नाही. तिथे अविश्वासाचा आधार एवढाच, की त्या गृहीतकाशिवायही जगाचं वर्णन जमतं. तो विचार सशक्त आहे, पण सिद्धता नव्हे.

आजारी माणसावर यातला कुठलाही प्रयोग करू नका. साप किंवा विंचू चावला तर आधी दवाखाना. तिथे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्याच्याकडे मोजणीची वही घेऊन जाऊ नये. त्या घरापुढे यादीत ‘विचारलं नाही’ एवढीच नोंद करा आणि टक्केवारी काढताना ते घर सोडून द्या.